गुरुवारी वीज गेली की शुक्रवारी चांगले मेल जंकमध्ये: स्पॅम फिल्टरचं दुखणं मुळापासून कसं काढायचं

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या कार्यालयांतून एक तक्रार ठरावीक वारी येते. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम असतं. यूपीएस तासा-दीड तासात मान टाकतो, सर्व्हर बंद पडतो आणि वीज आली की आपोआप सुरू होतो. शुक्रवारी सकाळी परचेस विभागातून फोन येतो की चाकणच्या ग्राहकाची ऑर्डर जंकमध्ये सापडली आणि इनबॉक्स मात्र बनावट केवायसी आणि बक्षिसांच्या मेलने भरलाय. मग कुणीतरी त्या ग्राहकाचं डोमेन व्हाइटलिस्टमध्ये (बिनशर्त आत सोडायच्या यादीत) टाकतं, दोन-चार दिवस बरे जातात आणि ये रे माझ्या मागल्या.

व्हाइटलिस्ट हा या दुखण्यावरचा उपाय नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच तो प्रकार. चांगला मेल जंकमध्ये जातो आणि वाईट मेल आत येतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर दोष पाठवणाऱ्यांचा नसतो, तुमचा फिल्टर आंधळा झालेला असतो. तो कुठे आंधळा झाला हे प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळींत, लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कॉन्फिगरेशनच्या एकाही फाइलला हात लावू नका.

खालची माहिती पोस्टफिक्स, अमाविस आणि स्पॅमअसॅसिन या तिघांच्या जोडणीसाठी आहे: पोस्टफिक्स मेलची ने-आण करतो, स्पॅमअसॅसिन गुण देतो आणि अमाविस त्या दोघांना जोडतो. झिम्ब्रा या तयार मेल सर्व्हरच्या पोटातही हेच तिघे आहेत, फक्त फाइलींच्या जागा वेगळ्या. आज्ञा आणि नियमांची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

आधी मेल वाचवा

तपास सुरू असताना मेल हरवता कामा नये. पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट_बाउन्स = येस करून रीलोड करा. त्यामुळे ५५४ सारखे कायमचे नकार तात्पुरत्या ४५४ सारख्या नकारांत बदलतात आणि समोरचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत राहतो. पोस्टफिक्सची स्वतःची मुदत ५ दिवसांची असते, म्हणजे तुमच्या हाताशी बऱ्यापैकी वेळ आहे. काम संपलं की ही सेटिंग आठवणीने परत नो करा, नाहीतर खरोखर चुकीच्या पत्त्यावरचे मेलही रांगेत लोंबकळत राहतील.

दुसरं, अमाविसमधली फायनल_स्पॅम_डेस्टिनी बघा. ती डी_डिस्कार्ड असेल आणि क्वारंटाइन (अडवलेला मेल बाजूला जपून ठेवणं) बंद असेल तर मेल कुठलाही माग न ठेवता नाहीसा होतो. डी_बाउन्स असेल तर स्पॅमरने ज्याचं नाव चोरलं त्या निरपराध माणसाला तुमचा सर्व्हर नकाराची पत्रं पाठवत बसतो, आणि अशानं तुमचाच आयपी काळ्या यादीत जातो. लहान-मध्यम कार्यालयासाठी डी_पास बरा: खूण करून मेल पुढे सोडायचा आणि मेलपेट्या सांभाळणाऱ्या डव्हकॉटच्या सीव्ह (मेलच्या वर्गवारीच्या) नियमाने जंकमध्ये ठेवायचा.

हेडर वाचताना

मेलमध्ये एक्स-स्पॅम-स्टेटस ही ओळच दिसत नसेल तर दोन कारणं संभवतात. एक म्हणजे सा_टॅग_लेव्हल_डेफ्ल्ट जास्त असणं. ती २.० असेल तर दोनपेक्षा कमी गुणांच्या मेलवर हेडर लागत नाही. ती उणे ९९९९ करा, म्हणजे प्रत्येक मेलवर हिशेब दिसेल. दुसरं म्हणजे तुमचं डोमेन लोकल_डोमेन्स_मॅप्समध्ये नसणं. कंपनीने नवं डोमेन घेतलं, पोस्टफिक्सला सांगितलं आणि अमाविसला सांगायचं राहिलं, हे फार वेळा होतं. अमाविस त्या डोमेनचे मेल परक्यांचे समजतो आणि त्यांना हेडर लावत नाही.

आता जंकमध्ये गेलेल्या एका चांगल्या मेलची ओळ घेऊ. हा पुरवठादाराच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून आलेला मराठी मेल आहे:

एक्स-स्पॅम-स्टेटस: येस, स्कोअर=६.१ रिक्वायर्ड=५
टेस्ट्स=[बेज_८०=२.०, अनवाँटेड_लँग्वेज_बॉडी=२.८, आरडीएनएस_नन=०.८, मिसिंग_एमआयडी=०.५, यूआरआयबीएल_ब्लॉक्ड=०.०]

बेरीज ६.१ आणि मर्यादा ५, म्हणून जंक. पण हे गुण कुणामुळे लागले ते वेगळं काढा. मेसेज-आयडी नसल्याचा अर्धा गुण आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नसल्याचे ०.८ हे पुरवठादाराच्या बाजूचे, म्हणजे सगळे मिळून १.३. एवढ्यावर कुठलाही मेल जंकमध्ये जात नाही. उरलेले ४.८ आपल्या घरचे आहेत: भाषेचा नियम आपण लावला आणि बेजचा, म्हणजे जुन्या मेलवरून शिकणाऱ्या भागाचा, अंदाज आपल्या बिघडलेल्या शिकवणीतून आला. पुरवठादाराला फोन करून खडसावण्याआधी ही वजाबाकी करावी.

आणि शेवटचा तो शून्य गुणांचा नियम? सगळ्यांत महत्त्वाचा तोच. यूआरआयबीएल_ब्लॉक्ड याचा अर्थ, मेलमधल्या लिंका काळ्या यादीत आहेत का हे विचारायला फिल्टर गेला आणि त्याला दारातून परत पाठवलं गेलं. गुण शून्य असल्यामुळे सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. शुक्रवारच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

जाता जाता मर्यादेबद्दल. स्पॅमअसॅसिनच्या लोकल.सीएफ या फाइलमध्ये रिक्वायर्ड_स्कोअर कितीही बदला, अमाविस ते बघत नाही. तो स्वतःचे टॅग२ (खूण करण्याचा) आणि किल (अडवण्याचा) हे आकडे वापरतो. डेबियनवर दोन्ही मूळचे ६.३१ असतात. हेडरमध्ये रिक्वायर्ड=६.३१ दिसत असेल तर तुम्ही बदललेला आकडा चुकीच्या फाइलमध्ये आहे असं समजा. मात्र मर्यादा ५ वरून ८ करून प्रश्न सोडवू नका. नियमांचे गुण ५ ही मर्यादा धरूनच ठरवलेले असतात.

डीएनएस: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

स्पॅमहाउस, यूआरआयबीएल यांसारख्या याद्या डीएनएसवरून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवरून, विचारल्या जातात. त्या मोफत वापरू देतात, पण कोण किती विचारतं यावर लक्ष ठेवतात. तुमचा सर्व्हर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) विचारत असेल तर तुमचा प्रश्न लाखो लोकांच्या गर्दीतून जातो, आणि याद्या त्या अख्ख्या गर्दीलाच उत्तर नाकारतात. ब्रॉडबँड कंपनीच्या रिझॉल्व्हरचंही कित्येकदा तसंच होतं.

तपासायला दोन आज्ञा पुरतात:

डिग +शॉर्ट २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग
होस्ट -टी टीएक्सटी २.०.०.१२७.मल्टी.यूआरआयबीएल.कॉम

पहिल्या आज्ञेला १२७.०.०.२, १२७.०.०.४ आणि १२७.०.०.१० अशी उत्तरं आली तर ठीक. १२७.२५५.२५५.२५४ आलं तर तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारताय, १२७.२५५.२५५.२५५ आलं तर प्रश्नांची संख्या हाताबाहेर गेली आहे. दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात क्वेरी रिफ्यूज्ड असं दिसलं की यूआरआयबीएलनेही दार लावलं.

यातला एक धोका नीट समजून घ्या. पोस्टफिक्समध्ये नुसतं रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग लिहिलं असेल तर पोस्टफिक्स कुठल्याही उत्तराला ‘यादीत आहे’ असंच समजतो. १२७.२५५.२५५.२५४ हा खरं तर त्रुटीचा संकेत, पण पोस्टफिक्सच्या लेखी जगातला प्रत्येक सर्व्हर स्पॅमर ठरतो आणि बाहेरून एकही मेल आत येत नाही. म्हणून ही ओळ कायम अशी लिहा:

रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११]

आता उपाय. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा आणि त्याला स्वतः मुळापासून शोध घेऊ द्या. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये फॉरवर्ड-झोन असेल तर काढून टाका, नाहीतर तो प्रश्न पुन्हा ८.८.८.८ कडेच ढकलेल आणि सगळं मुसळ केरात. मग डीएनएससाठी कुणाला विचारायचं ते सांगणाऱ्या रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये नेमसर्व्हर १२७.०.०.१ करा.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि त्यामुळेच दुखणं परत येतं. रिझॉल्व्ह.कॉन्फ ही हाताने लिहून टिकणारी फाइल नाही. सर्व्हर रीबूट झाला की डीएचसीपी राउटरकडून पत्ता घेतो आणि त्यासोबत राउटरने सांगितलेला डीएनएसही घेतो. कार्यालयातला राउटर बहुधा ८.८.८.८ च सांगतो. गुरुवारी वीज जाण्याशी शुक्रवारच्या स्पॅमचा संबंध हा असा. म्हणून सर्व्हरला स्थिर पत्ता द्या. ते शक्य नसेल तर नेटप्लॅनमध्ये (नेटवर्कच्या सेटिंगमध्ये) डीएचसीपी४-ओव्हरराइड्सखाली यूज-डीएनएस: फॉल्स करा. शिवाय स्पॅमअसॅसिनच्या लोकल.सीएफमध्ये

डीएनएस_सर्व्हर १२७.०.०.१

ही ओळ घाला. आवृत्ती ३.४ पासून ती चालते. मग रिझॉल्व्ह.कॉन्फचं काहीही होवो, फिल्टर अनबाउंडलाच विचारेल.

आणखी दोन गाठी उरतात. डेबियनवर पोस्टफिक्सचा एसएमटीपीडी (मेल स्वीकारणारा भाग) क्रूटमध्ये, म्हणजे बंदिस्त फोल्डरमध्ये, चालत असेल तर तो मूळ रिझॉल्व्ह.कॉन्फ वाचतच नाही. तो वाचतो व्हार/स्पूल/पोस्टफिक्सच्या आतल्या ईटीसीमधली प्रत, आणि ती प्रत पोस्टफिक्स सुरू होताना काढली जाते. त्यामुळे दुरुस्तीनंतर रीलोड नव्हे, रीस्टार्ट करायचं, आणि दोन्ही फाइली डिफने ताडून बघायच्या. अमाविसचंही तेच: तो सुरू होताना नेमसर्व्हर वाचून ठेवतो आणि नंतर फाइल बदलली तरी जुन्यालाच विचारत राहतो. अमाविसच्या सिस्टमडी युनिटला आफ्टर आणि वाँट्स अशा दोन ओळी जोडून अनबाउंड आधी सुरू होईल अशी सोय करा. मग वीज जायची वाट न बघता संध्याकाळी सात-साडेसातला मुद्दाम रीबूट करा आणि वरच्या दोन आज्ञा पुन्हा चालवा. रीबूटनंतरही योग्य उत्तर आलं तरच ही दुरुस्ती पूर्ण झाली.

मेलचा राबता मोठा असेल तर स्पॅमहाउसची डेटा क्वेरी सर्व्हिस घ्यावी. त्यात तुमची स्वतःची की असते, त्यामुळे कोणत्या रिझॉल्व्हरमधून विचारलं याने अडत नाही.

सगळे मेल फायरवॉलकडूनच आल्यासारखे दिसतात तेव्हा

मेल.लॉग उघडा आणि बाहेरून येणाऱ्या जोडण्या बघा. जीमेलचा मेल असो की बँकेचा, प्रत्येक ठिकाणी कनेक्ट फ्रॉम अननोन[१९२.१६८.१.१] असंच दिसत असेल तर हातातलं सगळं बाजूला ठेवून आधी हे दुरुस्त करा.

होतं असं, की फायरवॉलवर २५ नंबरचं पोर्ट आतल्या सर्व्हरकडे वळवताना मास्करेडही चालू राहतं. त्यामुळे पाठवणाऱ्याचा खरा आयपी पुसला जातो आणि त्याजागी फायरवॉलचा आतला पत्ता येतो. आयपीच्या काळ्या याद्या निकामी होतात, कारण खासगी पत्ता कुठल्याच यादीत नसतो. एसपीएफची (हा आयपी त्या डोमेनतर्फे मेल पाठवू शकतो का याची) तपासणी अर्थहीन होते. स्पॅमअसॅसिन खासगी पत्त्याला घरचा समजतो आणि ऑल_ट्रस्टेड लावून उलट एक गुण वजा करतो. पण सगळ्यांत भयंकर म्हणजे मायनेटवर्क्समध्ये (घरच्या पत्त्यांच्या यादीत) १९२.१६८.१.०/२४ असेल तर पोस्टफिक्सच्या दृष्टीने अख्खं जग तुमच्या कार्यालयात बसलेलं असतं, आणि कुणीही तुमच्या सर्व्हरवरून कुणालाही मेल पाठवू शकतं. एका रात्रीत हजारो मेल निघतात आणि सकाळी तुमचा आयपी सगळीकडे अडवलेला असतो.

मास्करेड सहसा कुणी मुद्दाम लावत नाही. कार्यालयातले लोक मोबाइलवर मेल.कंपनी असं बाहेरचं नाव वापरतात, आत आले की ते चालत नाही, मग फायरवॉल बसवणारा सरसकट मास्करेड टाकून मोकळा होतो. योग्य मार्ग असा: मास्करेडचा नियम फक्त लॅनमधून निघालेल्या आणि लॅनमधल्याच सर्व्हरकडे जाणाऱ्या जोडण्यांपुरता ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे आतल्या डीएनएसमध्ये त्या नावाला सर्व्हरचा आतला पत्ताच द्या. अनबाउंड आता हाताशी आहेच, लोकल-डेटाच्या एका ओळीचं काम. कार्यालयातल्या मशीन आणि मोबाइलना डीएनएस म्हणून तोच अनबाउंड द्यायला आणि त्याच्या अ‍ॅक्सेस-कंट्रोलमध्ये लॅनला परवानगी द्यायला विसरू नका.

यानंतर ट्रस्टेड_नेटवर्क्स आणि इंटर्नल_नेटवर्क्स या दोन्ही ओळी लोकल.सीएफमध्ये स्वतः लिहा, अंदाजावर सोडू नका. तुमच्या मेलसमोर बाहेरची एखादी गाळणी सेवा किंवा बॅकअप एमएक्स (राखीव मेल सर्व्हर) असेल तर त्यांचे आयपी इंटर्नल_नेटवर्क्समध्ये हवेतच. ते नसले की स्पॅमअसॅसिन एसपीएफ त्या मधल्या सर्व्हरच्या आयपीवर तपासतो आणि एसपीएफ नीट लावलेल्या सज्जन कंपन्याच नेमक्या नापास होतात.

मराठी मेलवर बसणारा दंड

नमुन्यातले २.८ गुण भाषा ओळखणाऱ्या टेक्स्टकॅट या प्लगइनचे आहेत. ते मूळ स्थापनेत बंद असतं. पण चिनी-रशियन स्पॅम अडवायचा म्हणून कुणीतरी ते चालू करतं, ओके_लँग्वेजेस ईएन एवढंच लिहितं, आणि महाराष्ट्रातल्या कार्यालयात मराठी ही नकोशी भाषा होऊन बसते. सोसायटीची सूचना, ग्रामपंचायतीचं पत्र, मराठीतली निविदा या सगळ्यांवर हा दंड बसतो.

यादीत एमआर घातलं की काम झालं असं वाटेल, पण टेक्स्टकॅट अक्षरांच्या वारंवारतेवरून भाषा ओळखतो आणि देवनागरीत त्याची गफलत होते. छोटा मराठी मजकूर त्याला हिंदी किंवा नेपाळी वाटू शकतो, म्हणून एमआर, एचआय, एनई, एसए आणि ईएन हे सगळेच घालावे लागतात. त्यातही ‘बिल पाठवले आहे, कृपया पोच द्यावी’ हे रोमन अक्षरांत लिहून येतं, आणि ती भाषा त्याच्या यादीत कुठेच नाही. तो तिला युरोपातली एखादी भाषा ठरवू शकतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तर यंत्राला देवनागरी दिसतच नाही, रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. इतकं सगळं बघता मराठी माणसांच्या कार्यालयात हे प्लगइन बंद ठेवणंच शहाणपणाचं. चिनी स्पॅम पकडायला बेज आणि लिंकांच्या याद्या पुरतात.

स्पॅमअसॅसिनची आवृत्ती ४.० पेक्षा जुनी असेल तर नॉर्मलाइज_कॅरसेट १ ही ओळ घाला. त्याने मजकूर यूटीएफ-८ मध्ये आणून मग तपासला जातो, आणि देवनागरी शब्द बेजला नीट दिसू लागतात. जुनी बिलिंग सॉफ्टवेअर मराठी विषय एन्कोड न करता तसाच पाठवतात. त्यावर सब्ज_इल्लीगल_कॅर्स हा नियम लागतो. तो दोष खरोखर पाठवणाऱ्याचा, त्यांना कळवावं.

बेज: बिघडलेली शिकवण

डीएनएस दुरुस्त झालं तरी चार-आठ दिवस स्पॅम येतच राहतो आणि लोक म्हणतात, उपयोग झाला नाही. त्याचं कारण बेजमध्ये असतं. बेज स्वतःहून शिकतो: ०.१ च्या खाली गुण असलेला मेल तो चांगला म्हणून शिकतो आणि १२ च्या वरचा स्पॅम म्हणून. डीएनएस बंद असताना खऱ्या स्पॅमला गुणच लागत नाहीत, तो ०.१ च्या खाली राहतो आणि बेज त्याला चांगला मेल म्हणून गिरवतो. दर गुरुवारनंतर थोडी थोडी चुकीची शिकवण साठत जाते.

त्याची अवस्था बघण्यासाठी:

सुडो -एच -यू अमाविस सा-लर्न --डम्प मॅजिक

(सुडोच्या पुढचा -एच कॅपिटल.) यात एनस्पॅम आणि एनहॅम, म्हणजे शिकलेले स्पॅम आणि शिकलेले चांगले मेल (हॅम), हे दोन आकडे दिसतील. दोन्ही किमान २०० झाल्याशिवाय बेज तोंडच उघडत नाही. इथे अमाविस हा वापरकर्ता महत्त्वाचा. रूट म्हणून सा-लर्न चालवलं तर शिकवण रूटच्या घरातल्या डेटाबेसमध्ये जाते आणि अमाविस मात्र व्हार/लिब/अमाविसमधला स्वतःचा डेटाबेस वाचतो. वर्षभर रोज रात्री क्रॉनने शिकवलेलं सगळं भलत्याच ठिकाणी पडलेलं असतं. रूट म्हणून हीच आज्ञा दिल्यावर आकडे वेगळे आले तर तुमच्याकडे तेच झालंय.

एनहॅम एनस्पॅमच्या कित्येक पट असेल आणि उघड स्पॅमवरही बेज_०० दिसत असेल तर डागडुजी करत बसू नका. सा-लर्न --बॅकअपने प्रत काढा, --क्लिअरने पाटी कोरी करा आणि हाताने निवडलेले मेल शिकवा. हॅमसाठी अकाउंट्स, परचेस आणि एचआर या तीन विभागांचे इनबॉक्स घ्या, म्हणजे बिलं, मराठी पत्रव्यवहार आणि बँकेची विवरणं हे तिन्ही प्रकार येतात. स्पॅमसाठी अलीकडचे, एकेक उघडून पाहिलेले मेल घ्या. दोन्हीकडे पाचशे-हजार झाले की फरक स्पष्ट दिसतो.

वापरकर्त्यांनी मेल जंकमध्ये हलवला की आपोआप शिकायचं अशी डव्हकॉटची सोय लावली असेल तर तिची एक उणीव भरून काढा. जंकमधून मेल बाहेर गेला की तो चांगला, असं ती समजते. मग कुणी जंक साफ करताना सगळं ट्रॅशमध्ये ओढलं की तो सगळा स्पॅम चांगला म्हणून शिकला जातो. सीव्ह स्क्रिप्टमध्ये ट्रॅश हे ठिकाण वगळणारी अट हवीच.

बाकीच्या लहान खोडी

घरून काम करणाऱ्यांचे मेल ५५४ ने अडत असतील तर एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्समधला क्रम बघा. परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड हे आरबीएलच्या ओळींच्या वर पाहिजे. कोथरूड-वाकडमधल्या घरगुती ब्रॉडबँडचे आयपी स्पॅमहाउसच्या पीबीएलमध्ये (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या यादीत) असतात आणि ते तसे असणं रीतसर आहे. लॉगिन केलेल्या माणसाला त्या यादीतून जावंच लागता कामा नये. त्यांना ५८७ पोर्ट द्या आणि अमाविसकडे त्यांचे मेल १००२६ वर, ओरिजिनेटिंग पॉलिसी बँकेतून पाठवा. स्पॅमअसॅसिनला थेट पोस्टफिक्सशी जोडणारा स्पॅमअस-मिल्टर वापरत असाल तर त्याला -आय (कॅपिटल अक्षर) हा पर्याय द्या.

मेलेल्या याद्या काढून टाका. एएचबीएलने २०१५ च्या सुरुवातीपासून प्रत्येक आयपी यादीत असल्याचं उत्तर द्यायला सुरुवात केली होती, आणि ज्यांनी ती ओळ काढली नव्हती त्यांचे सगळे मेल अडले. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली. अजूनही पुष्कळ सर्व्हरवर तिची ओळ आहे.

बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर येत असेल तर तो ग्रेलिस्टिंगचा, म्हणजे अनोळखी मेल आधी थांबवण्याचा, परिणाम. हे काम करणारा पोस्टग्रे पहिल्या प्रयत्नाला ३०० सेकंद थांबवतो, आणि मोठ्या सेवा पुढचा प्रयत्न वेगळ्या आयपीवरून करतात, त्यामुळे घड्याळ पुन्हा सुरू होतं. डीएनएस आणि बेज नीट चालत असतील तर ग्रेलिस्टिंगची गरज उरत नाही.

नवे नियम आणणारं सा-अपडेट चालतंय का ते तपासा. १ जानेवारी २०१० ला हेडरमधल्या तारखेत २०१० किंवा पुढचं वर्ष दिसताच गुण लावणारा एक नियम जागा झाला आणि निव्वळ तारखेमुळे चांगले मेल जंकमध्ये गेले. ज्यांचं सा-अपडेट चालू होतं ते लवकर सुटले. १ मार्च २०२० पासून ३.४.२ पूर्वीच्या आवृत्त्यांना नवे नियम मिळणं बंद झालं आहे. सेंटओएस ६ वर अजून गाडा ओढत असाल तर नियम तेव्हापासून शिळे आहेत. अपडेटनंतर अमाविस रीस्टार्ट व्हायला हवा, नाहीतर नवे नियम डिस्कवरच राहतात.

व्हाइटलिस्ट आणि जुन्या गुणांची सावली

आता मागे साठलेल्या व्हाइटलिस्टकडे या. व्हाइटलिस्ट_फ्रॉम हे फक्त फ्रॉममधला पत्ता बघतं, आणि तो पत्ता कुणीही लिहू शकतं. मिळतात सरळ उणे १०० गुण. स्वतःच्याच कंपनीचं डोमेन त्यात असेल तर ते आजच काढा. मालकाच्या नावाने अकाउंट्सला ‘तातडीने पैसे पाठवा’ असा मेल येतो, तो याच दारातून. खरोखर सूट द्यायची असेल तर व्हाइटलिस्ट_ऑथ वापरा, आवृत्ती ४.० पासून त्याचं नाव वेलकमलिस्ट_ऑथ आहे. त्यात एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) जुळलं तरच सूट मिळते. जुन्या नोंदी एकदम पुसू नका. रोज थोड्या काढा आणि त्या पाठवणाऱ्यांच्या पुढच्या मेलचा स्कोअर बघा.

सगळं दुरुस्त करूनही ठरावीक एक-दोन पाठवणारे जंकमध्येच जात असतील तर हेडरमध्ये एडब्ल्यूएल किंवा टीएक्सआरईपी हा नियम शोधा. हे प्लगइन प्रत्येक पाठवणाऱ्याच्या जुन्या गुणांची सरासरी ठेवतं आणि नवे गुण त्या सरासरीकडे ओढतं. एडब्ल्यूएलमध्ये ही ओढ मूळची निम्मी असते. बिघाडाच्या काळात एखाद्या ग्राहकाची सरासरी ९ झाली असेल आणि आजच्या निर्दोष मेलला १ गुण मिळाला, तर फरक ८, त्याचा निम्मा ४, आणि बेरीज बरोबर ५. म्हणजे पुन्हा जंक. बेजसारखंच हेही अमाविस वापरकर्ता म्हणूनच पुसायचं:

सुडो -एच -यू अमाविस स्पॅमअसॅसिन --रिमूव्ह-अ‍ॅड्र-फ्रॉम-व्हाइटलिस्ट=ग्राहकाचा पत्ता

नावात व्हाइटलिस्ट असलं तरी ही आज्ञा त्या पत्त्याची साठलेली सरासरी काढते. बिघाडाच्या काळात जंकमध्ये गेलेल्या प्रत्येक नियमित ग्राहकासाठी ती एकदा चालवा, आणि मग त्यांच्या पुढच्या मेलचं हेडर उघडून एडब्ल्यूएलचा आकडा शून्याजवळ आला का ते बघा.